भेट चुकली, भत्ता बंद

१५६ आठवडे म्हणजे तीन वर्षे. ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटनने बेकारभत्त्याचे नवे नियम लागू केले, तेव्हा एखाद्याचा भत्ता जास्तीत जास्त इतका काळ बंद ठेवता येईल असे ठरले. त्यासाठी लबाडी करण्याची गरज नव्हती. खोटी माहिती देऊन पैसे उकळणाऱ्यांसाठी फौजदारी कायदा वेगळा होताच. दाखवलेली नोकरी नाकारली किंवा नेमून दिलेल्या बिनपगारी कामावर गेला नाही, असा ठपका पहिल्यांदा आला की १३ आठवडे, वर्षाच्या आत दुसऱ्यांदा आला की २६, आणि तिसऱ्यांदा आला की १५६. जॉबसेंटर या सरकारी रोजगार कार्यालयातली ठरलेली भेट चुकली, तर चार आठवडे. पुन्हा चुकली, तर १३.

मुळात भत्ता होता तरी किती? २०१३ साली पंचविशीपुढच्या एकट्या माणसाला आठवड्याला ७१ पौंड ७० पेन्स. घरभाड्याची मदत वेगळी मिळे, पण वीज, गॅस, बसभाडे, फोन आणि रोजचे जेवण एवढ्यातच बसवायचे. त्यातून शिल्लक टाकणारा माणूस विरळाच. त्यामुळे ‘सँक्शन’, म्हणजे भत्ताबंदी, लागले, असे तिथला माणूस म्हणतो, तेव्हा त्याचा खर्च कमी झालेला नसतो, मिळकत शून्यावर आलेली असते.

त्या वर्षी अशी सँक्शन्स दहा लाखांच्या वर गेली. ग्लासगो विद्यापीठातले डेव्हिड वेबस्टर अनेक वर्षे ही सरकारी आकडेवारी चाळत आले आहेत. त्यांनी २०१५ च्या सुरुवातीला एक तुलना मांडली, ती अजूनही अस्वस्थ करते. बेकारांवर आणि आजारी भत्तेकऱ्यांवर भत्ते देणाऱ्या एका सरकारी खात्याने केलेल्या दंडांची संख्या खालच्या फौजदारी न्यायालयांनी केलेल्या दंडांपेक्षा जास्त भरत होती. न्यायालयात आरोपीला आधी ऐकून घेतात आणि त्याची ऐपत पाहून दंड ठरवतात. जॉबसेंटरच्या पद्धतीत पैसे आधी बंद होत, दाद नंतर मागायची.

यामागचा विचार जुना आहे. १८३४ च्या इंग्लंडमधल्या गरीब कायद्याने असे तत्त्व घालून दिले की, सरकारी मदतीवर जगणाऱ्याची अवस्था बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट असली पाहिजे. म्हणून वर्कहाउसात नवरा, बायको आणि मुले वेगवेगळी ठेवत. ज्याला हेही चालेल, तोच खरा गरजू. हे तर्कशास्त्र बोटीतून आपल्याकडेही आले. १८७६-७८ च्या दुष्काळात व्हाइसरॉय लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी पाठवले, आणि जानेवारी १८७७ मध्ये दुष्काळी कामावरच्या पुरुषाची रोजची मजुरी एक पौंड धान्य आणि अर्धा आणा इतकी खाली आणली गेली. कामे मजुरांच्या गावापासून लांब ठेवण्याचा आग्रहही त्यातलाच : पोटाला खरोखर चिमटा बसला असेल तोच एवढी पायपीट करील. मुंबई इलाख्यात मजुरांनी झुंडीने कामे सोडली, आणि पुणे सार्वजनिक सभेने त्यांच्या बाजूने सरकारकडे निवेदनांचा सपाटा लावला. गरजेची ही परीक्षा घेणाऱ्यांना वाटत होते की कामावर येत नाही त्याला गरज नाही. प्रत्यक्षात लांबच्या कामावर न पोहोचणाऱ्यांत म्हातारे, आजारी आणि कडेवर मूल असलेल्या बायाही होत्या. टेंपल त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले.

अटी घालण्याला माझा विरोध नाही. काम शोधणाऱ्याला सार्वजनिक पैसा द्यायचा, तर त्याने काम शोधावे ही अपेक्षा रास्त आहे, आणि ब्रिटनमध्येही बेकारभत्त्याला अशी अट फार पूर्वीपासून होती. प्रश्न अटीचा नाही, ती मोडणारा कोण आणि का, याचा आहे. सँक्शनच्या नियमावलीत एक माणूस गृहीत धरलेला आहे. त्याच्याकडे घड्याळ आहे, कॅलेंडर आहे, पत्रे त्याच पत्त्यावर येतात, आलेली पत्रे तो उघडतो आणि त्याला ती कळतात. त्याच्या फोनमध्ये पैसे आहेत. तो नफातोट्याचा हिशोब करतो आणि शिक्षेच्या धाकाने सुधारतो. असा माणूस बहुधा भेट चुकवतच नाही. अगदी कामचुकार असला, तरी तो कागद नीट भरायला लवकर शिकतो. आठवड्याला ठरलेल्या संख्येने अर्ज पाठवायचे, मग नोकरी मिळो वा न मिळो.

सापडतात ते दुसरेच. युनिव्हर्सल क्रेडिट ही २०१३ पासून टप्प्याटप्प्याने आलेली एकत्रित भत्त्याची योजना. तिच्यातल्या सँक्शनचे कारण पाहिले, तर दहापैकी नऊहून अधिक वेळा ते एकच असते : ठरलेल्या भेटीला आला नाही. नोकरी नाकारणारे, आळशी म्हणून ज्यांची चित्रे टॅब्लॉइड वृत्तपत्रे रंगवतात ते, या आकड्यांत किरकोळ आहेत. भेटीला न येण्याची कारणे बसच्या वेळापत्रकापासून डोक्यातल्या काळोखापर्यंत काहीही असू शकतात. नैराश्यात असलेल्या माणसाला दाराखालून सरकवलेले तपकिरी पाकीट उघडायचीच भीती वाटते. बेघर माणसाचे पत्र तो सोडून गेलेल्या होस्टेलवर जाते. एकटी आई मुलाला ताप आला म्हणून घरी राहते आणि फोन करून कळवायला तिच्याकडे क्रेडिट नसते. वाचता न येणारा माणूस ते कबूल करायला लाजतो आणि दिसेल त्या कागदावर सही करतो. गैरहजेरी हे यांच्या बाबतीत लक्षण असते, आणि नियम त्याला गुन्हा म्हणून हाताळतो.

हे काही चळवळवाल्यांचेच म्हणणे नव्हे. सरकारने मॅथ्यू ओकली यांच्याकडे स्वतंत्र आढाव्याचे काम दिले, त्यांचा अहवाल जुलै २०१४ मध्ये आला. ओकली हे उजवीकडे झुकलेल्या पॉलिसी एक्स्चेंज या संस्थेत काम केलेले अर्थतज्ज्ञ. सँक्शनच्या कल्पनेलाच विरोध करणारा हा माणूस नव्हे. त्यांनाही आढळले की खात्याची पत्रे लांबलचक आणि क्लिष्ट आहेत, काय चुकले आणि दाद कुठे मागायची हे त्यांतून कळत नाही, अडचणीच्या काळातली तातडीची मदत मिळते हे अनेकांना कुणी सांगतच नाही, आणि याचा सर्वांत मोठा फटका ज्यांची स्थिती आधीच नाजूक आहे त्यांना बसतो. पैसे खात्यावर आले नाहीत तेव्हाच सँक्शन लागल्याचे कित्येकांना समजत होते. यातला एक प्रकार तर निव्वळ कारकुनी होता : भत्ता थांबला की नगरपालिकेच्या यंत्रणेकडे तशी सूचना जाई, आणि तिथे तो माणूस योजनेतूनच बाहेर पडला असे समजून घरभाड्याची मदतही थांबवली जाई. म्हणजे भेट चुकल्याबद्दल चार आठवड्यांचा भत्ता गेला, आणि घरमालकाची थकबाकी वर चढली ती वेगळीच.

प्रक्रिया अशी चाले. जॉबसेंटरमधला वर्क कोच, म्हणजे भत्तेकऱ्याला भेटणारा अधिकारी, स्वतः शिक्षा देत नाही. तो शंका नोंदवून प्रकरण ‘डिसिजन मेकर’कडे पाठवतो. हा अधिकारी दुसऱ्याच कार्यालयात बसतो आणि समोरच्या माणसाला कधी पाहत नाही. ‘योग्य कारण’ होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी भत्तेकऱ्यावर. निर्णय विरुद्ध गेला, तर २०१३ च्या अखेरीपासून थेट न्यायाधिकरणाकडे जाता येईना. आधी त्याच खात्याकडे फेरविचाराचा अर्ज करायचा, आणि तोवर भत्ता बंदच. पोटापाण्यासाठी ‘हार्डशिप’ रक्कम मागता येते. ती कापलेल्या रकमेच्या साधारण ६० टक्के. पण नाजूक गटात न बसणाऱ्या बेकाराला ती पहिले दोन आठवडे मिळत नसे. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये तर ती उसनवारी झाली. भत्ता सुरू झाला की हप्त्याहप्त्याने कापून घेतली जाते. शिक्षा संपल्यावरही माणूस महिनोन्‌महिने कमी पैशांवर राहतो तो त्यामुळे.

कोणाला सँक्शन लागेल हे बऱ्याच अंशी नशिबावरही होते. राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नोव्हेंबर २०१६ मध्ये या पद्धतीचा हिशोब तपासला. बेकारांना कामाला लावण्याचे कंत्राट घेतलेल्या कंपन्या होत्या. त्यांतल्या काही त्याच भागात, तशाच लोकांबाबत, इतर कंपन्यांच्या दुपटीहून जास्त प्रकरणे शिक्षेसाठी पाठवत होत्या. २०१० ते २०१५ या काळात बेकारभत्ता घेतलेल्या दर चार माणसांत जवळजवळ एकाला सँक्शन लागून गेले होते. पैशांचे गणित तर आणखी मजेदार. २०१५ साली सँक्शनमुळे रोखून ठेवलेली रक्कम सुमारे १३ कोटी पौंड, आणि त्याच वर्षी हार्डशिप म्हणून परत दिलेली साडेतीन कोटी. शिक्षा राबवण्याचा वार्षिक खर्च तीन ते पाच कोटी, आणि भत्तेकरी अटी पाळतात की नाही यावर पाळत ठेवण्याचा सुमारे वीस कोटी. यात इस्पितळाचा, बेघरांच्या निवाऱ्याचा आणि पोलिसांचा खर्च धरलेलाच नाही, कारण सरकारने तो कधी मोजला नव्हता.

माणसांवर काय परिणाम होतो, ते पाहू. पहिला धक्का पोटाला बसतो. ट्रसेल ट्रस्ट ही ब्रिटनमधल्या फूड बँकांची सर्वांत मोठी साखळी. तिने २०१०-११ मध्ये सुमारे ६१ हजार वेळा तीन दिवसांचा शिधा दिला. २०१३-१४ मध्ये हा आकडा नऊ लाखांच्या वर गेला. या वाढीला मंदी, महागाई, नव्या शाखा अशी इतर कारणेही होती. पण रेचेल लूपस्ट्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जिल्हावार आकडे लावून पाहिले, तेव्हा जिथे सँक्शन्स वाढली तिथे त्यापाठोपाठ फूड बँकेतून जेवणारेही वाढले, असे दिसले. केन लोच यांच्या ‘आय, डॅनियल ब्लेक’ या २०१६ च्या चित्रपटात फूड बँकेतला एक प्रसंग आहे : सँक्शन लागलेली तरुण आई शिधा घेता घेता तिथेच डबा फोडून हाताने खाऊ लागते. हा चित्रपट कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवून गेला, आणि मंत्र्यांनी त्याला अतिरंजित म्हटले. फूड बँकेत काम करणाऱ्यांना त्यात नवीन काही दिसले नाही.

दुसरा धक्का वीज आणि औषधांना. गरीब घरांत विजेचे मीटर आगाऊ पैसे भरून चालतात. पैसे संपले की दिवा गेला. जुलै २०१३ मध्ये मधुमेह असलेला एक माजी सैनिक आपल्या घरात मृतावस्थेत सापडला. भेटी चुकल्यामुळे त्याचा भत्ता बंद झाला होता. मीटरमध्ये पैसे नव्हते, आणि इन्सुलिन ठेवायचा फ्रिज त्याच विजेवर चालत होता. भत्ता बंद झाल्यानेच तो मेला असे कोणत्याही न्यायालयाने म्हटलेले नाही. पण त्याच्या बहिणीने चौकशीसाठी उभी केलेली सह्यांची मोहीम देशभर पोहोचली, आणि संसदेच्या समितीलाही या विषयाकडे वळावे लागले.

तिसरा परिणाम लगेच दिसत नाही. यॉर्क विद्यापीठाच्या पीटर ड्वायर यांच्या नेतृत्वाखाली सहा विद्यापीठांनी २०१३ ते २०१८ या काळात एक मोठा अभ्यास केला. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधल्या ४८१ भत्तेकऱ्यांशी दोन वर्षांच्या काळात तीनपर्यंत वेळा बोलून त्यांचे पुढे काय झाले, हे पाहिले. बहुतेकांच्या आयुष्यात सँक्शनमुळे नोकरी आली नव्हती. आले होते ते कर्ज, थकलेले घरभाडे, बिघडलेले मानसिक आरोग्य. काहींनी भत्त्याचा नादच सोडला. सरकारी दप्तरात ते ‘योजनेतून बाहेर’ दिसतात, प्रत्यक्षात ते नातेवाइकांच्या सोफ्यावर झोपतात. काही जण पोटासाठी किरकोळ चोऱ्यांकडे वळले. आणि जो टिकून राहिला, त्याचा जॉबसेंटरवरचा विश्वास उडाला. वर्क कोचला आपली खरी अडचण सांगितली तर तीच आपल्याविरुद्ध नोंदली जाईल, अशी भीती एकदा बसली की माणूस आजार, दारू, घरातली मारहाण यांतले काहीच बोलत नाही. म्हणजे जे ऐकून त्याला मदत करता आली असती, तेच टेबलावर येत नाही.

यात काम शोधण्याचेही वांधे होतात. फोन बंद, तर मुलाखतीचा निरोप कुठे येणार? बसभाडे नाही, तर गोदामाच्या दारापर्यंत जायचे कसे? आठवड्याला ३५ तास नोकरी शोधण्याची अट मात्र सँक्शनच्या काळातही सुटत नाही, आणि हार्डशिपची रक्कम हवी असेल, तर अटी पाळल्याचे आधी दाखवावे लागते.

मग सँक्शन कधीच चालत नाही का? चालते, काही ठिकाणी. रॉटरडॅम आणि स्वित्झर्लंडमधल्या जुन्या अभ्यासांत भत्ता कापल्यावर, कधी नुसत्या इशाऱ्यानेही, बेकार माणसे लवकर कामाला लागलेली दिसली. धोरणकर्ते या अभ्यासांचा हवाला देतात आणि त्यात गैर काही नाही. पण स्वित्झर्लंडचेच नंतरचे संशोधन (आर्नी, लालिव्ह आणि व्हान ऊर्स, २०१३) पुढचा प्रश्न विचारते : कामाला लागला, पण कोणत्या? भत्ता कापला गेलेला माणूस घाईत मिळेल ते पत्करतो, ते काम टिकत नाही आणि पगारही कमी असतो. ब्रिटिश लेखापरीक्षकांच्या प्राथमिक तपासणीतही धडधाकट बेकारांमध्ये सँक्शननंतर काही जण कामाला लागले आणि काही जण नुसतेच यादीतून गळाले. आजारी आणि अपंग भत्तेकऱ्यांच्या बाबतीत मात्र सँक्शननंतर नोकरीतला काळ उलट घटला. ज्याला काम करता येत नाही म्हणून भत्ता दिला, त्याला काम न केल्याबद्दल शिक्षा करायची, यातली विसंगती त्या आकड्यांत उतरली होती.

सरकारला प्रचारासाठी मात्र सुखी माणसे हवी होती. ऑगस्ट २०१५ मध्ये खात्याच्या एका पत्रकात सँक्शनमुळे आपले कसे भले झाले हे सांगणारी ‘सारा’ झळकली. माहितीच्या अधिकारात कोणी तरी विचारले, तेव्हा खात्याला कबूल करावे लागले की सारा नावाची बाई नाही. मजकूर नमुन्यादाखल लिहिला होता. लाखो सँक्शन्स लावल्यावर समाधानी माणूस कल्पनेतून आणावा लागला.

आपल्याकडे याची तुलना करताना जपून बोलले पाहिजे, कारण ब्रिटनसारखा बेकारभत्ता आपल्याकडे नाहीच. पण शिक्षेचे कलम आपणही लिहिलेले आहे. महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा वारसा सांगणाऱ्या २००५ च्या केंद्रीय कायद्यात नववे कलम होते : काम दिल्याचे कळवूनही १५ दिवसांत हजर न झालेल्या, किंवा परवानगीशिवाय आठवड्याहून अधिक गैरहजर राहिलेल्या मजुराला तीन महिने बेकारभत्ता मिळणार नाही. हे कलम फारसे कोणाला जाचले नाही, कारण तो भत्ताच क्वचित कुणाच्या हाती पडला. आपल्या गरिबाची गाठ बंदीशी कमी आणि यादीतून नाव गळण्याशी जास्त पडते. हयातीचा दाखला वेळेत गेला नाही, अंगठा यंत्राला ओळखू आला नाही, की पेन्शन किंवा शिधा अडतो. तिथे कोणी आरोप करत नाही. अडकतात मात्र तीच माणसे : म्हातारी, एकटी, चार पावले चालले तरी दमणारी.

जर्मनीत हा वाद थेट राज्यघटनेपर्यंत गेला. २००५ पासूनच्या ‘हार्ट्झ फोर’ पद्धतीत भत्त्यातून आधी ३० टक्के, मग ६०, मग सगळाच भत्ता कापता येई. पंचविशीच्या आतल्या तरुणांचा तर पहिल्या मोठ्या चुकीलाच सगळा जाई. गोथा शहरातल्या सामाजिक न्यायालयापुढे गोदामातली नोकरी नाकारलेल्या एका माणसाचे प्रकरण आले, आणि त्या न्यायाधीशांनी थेट प्रश्न वर पाठवला : सरकारने स्वतःच ‘जगण्यासाठी किमान’ म्हणून ठरवलेली रक्कम किमानाखाली कशी नेता येते? ५ नोव्हेंबर २०१९ रोजी कार्ल्सरूहच्या घटनात्मक न्यायालयाने निकाल दिला. माणसाची प्रतिष्ठा ही चांगल्या वर्तनाचे बक्षीस नाही, नावडत्या वागण्याने ती हरवत नाही, या भूमिकेतून न्यायालयाने ३० टक्क्यांवरची कपात घटनाबाह्य ठरवली. मोठ्या कपातींचा खरोखर उपयोग होतो, याचा पुरेसा पुरावा इतक्या वर्षांत सरकारला देता आला नव्हता, हेही न्यायालयाने नोंदवले. काम हेतुपुरस्सर नाकारणाऱ्याबाबत न्यायालयाने एक फट ठेवली होती. २०२४ मध्ये सरकारने तिचाच आधार घेऊन दोन महिन्यांपर्यंत सगळा भत्ता थांबवण्याची तरतूद परत आणली, आणि त्यातून वर्षाला १७ कोटी युरो वाचतील असा अंदाज मांडला.

ब्रिटनमध्ये घटनेचा असा आधार नाही, त्यामुळे बदल आला तो थोडाथोडा. स्कॉटलंडने आपल्या अखत्यारीतल्या रोजगार योजना ऐच्छिक केल्या. तिथून कुणाचे नाव शिक्षेसाठी जात नाही. २०१८ मध्ये फ्रँक फील्ड यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने एकट्या पालकांना, सरकारी देखभालीतून बाहेर पडलेल्या तरुणांना आणि आजारी-अपंगांना सँक्शनमधून वगळा, असे सुचवले. २०१९ मध्ये तीन वर्षांची शिक्षा रद्द होऊन कमाल मर्यादा सहा महिन्यांवर आली. साथीच्या काळात, मार्च ते जून २०२०, अटीच स्थगित होत्या.

वेबस्टर आणि इतर काही जण या काळात एकच गोष्ट मागत राहिले : सँक्शनमुळे माणूस कामाला लागतो का, याचा खात्याने स्वतः केलेला अभ्यास. खात्याने तो दडवून ठेवला, माहिती आयुक्तांनी आदेश दिला, आणि शेवटी एप्रिल २०२३ मध्ये तो बाहेर आला. निष्कर्ष असा की सँक्शन लागलेला माणूस सरासरीने नोकरीकडे उशिरा जातो, आणि गेल्यावर कमी कमावतो. सात महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, अर्थमंत्र्यांनी नवी योजना जाहीर केली. सहा महिन्यांहून जास्त काळ ज्यांचे सँक्शन उठलेले नाही, त्यांच्यापैकी फक्त मूळ भत्त्याला पात्र असलेल्यांचे खातेच बंद करायचे, आणि त्याबरोबर मोफत औषधांचा हक्कही.